ओमची रेघ

नेरे, १२ जानेवारी

गौतमी,

नावाच्या आधी काय लिहायचं ते सुचेना. हात सवयीने 'चि. सौ.'कडे गेला आणि तिथेच थांबला. म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. उचलावास असं आम्ही काही ठेवलेलंही नाही. व्हॉट्सअॅपवर एकच टिक येते, ती दुसरी काही होत नाही. उदगीरचा पत्ता लग्नाच्या पत्रिकेवर सापडला, म्हणून कागद घेतला.

आधी काम सांगतो, मग माणसांचं. मला कामाचंच नीट बोलता येतं हे तू या घरात सून म्हणून राहून बघितलेलं आहेस.

ओमने आपल्या रिअॅक्टरवर बसवलेलं मॉडेल अजून चालू आहे. पॅनलवर हिरवी रेघ प्लांटची आणि पिवळी रेघ ओमची, तसंच ठेवलंय. सगळे तिला ओमची रेघ म्हणतात. तू माहेरी गेल्यावर नवे मॅनेजर आले, इंद्रजित साहेब. वयाने ओमएवढाच, सोलापूरकडचा पोरगा, मला काका म्हणतो. त्याचं म्हणणं, बाहेरची एक कंपनी स्वतःची नवी सिस्टिम बसवून द्यायला तयार आहे. मार्चअखेर ठरवायचंय. ओमची रेघ प्लांटशी जुळत राहिली तर तीच ठेवू, सुटायला लागली तर काढून टाकू. त्याचं काही चुकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

अडचण अशी की नळ्यांतला कॅटॅलिस्ट आता थकलाय. मॉडेलमध्ये एक आकडा आहे, कॅटॅलिस्टचा जोर किती उरलाय तो सांगणारा. ओम तो अधूनमधून बदलायचा. ऑगस्टात माझं पोर गेलं, तेव्हापासून कोणी बदललेला नाही. कसा काढायचा ते त्याच्या लॅपटॉपात आहे आणि लॅपटॉप तुझ्याकडे आहे. तू तो नेलास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तेवढा आकडा काढून पाठव. रेघ अजून जुळतेय, पण किती दिवस जुळेल सांगता येत नाही.

परवा तुझ्या आत्यांनी विचारलं, हे रेघ रेघ काय लावलंय तुमी. आमचं लग्न झाल्यापासून मी त्या कारखान्यात जातोय, पण तिने कधी काही विचारलं नव्हतं. मग सांगितलं. लांब नळ्यांचा जुडगा आहे, आत कॅटॅलिस्टच्या गोळ्या ठासून भरल्यात. एका तोंडाने गॅस जातो, गोळ्यांना लागला की तापतो आणि त्याचा माल होतो. बाहेरून तेल फिरवून नळ्या निवत ठेवायच्या. तरी नळीत एक जागा अशी असते की ती सगळ्यांत जास्त तापते. तापमान मोजायच्या तारा लांब लांब बसवल्यात, मधलं काही दिसत नाही. ते मधलं ओमचं मॉडेल सांगतं, आणि घडायच्या आधी सांगतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मंजी त्यो अजून सांगतोय व्हय?”

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

तब्येत सांभाळ.

तुझे मामा,
एकनाथ


नेरे, २ फेब्रुवारी

गौतमी,

तुझं पाकीट मिळालं. दोन ओळी होत्या, पण अक्षर तुझंच. आकडा अंदाजाने देता येत नाही, ओम गेल्यापासूनचा सगळा डेटा पाठवा, असं लिहिलंस. बरोबर आहे तुझं. इंद्रजित साहेबाला विचारून पेन ड्राइव्ह भरून घेतला आणि घोटवड्याच्या फाट्यावरून कुरिअर केला. तीन पाळ्यांचा डेटा आहे. मला वयामुळे कायम पहिली पाळी दिलीय, बाकीच्या दोन पाळ्या विश्राम आणि बाकीची माणसं आलटून-पालटून सांभाळतात. त्यात तुला काही वावगं दिसायचं नाही. रेघेला रेघ लागून आहे.

घरी बरं चाललंय. बरं म्हणजे चाललंय. तुमच्या वरच्या खोलीत भाडेकरू ठेवलेत. हिंजवडीत कामाला जाणारी दोन पोरं आहेत. त्यातलं एक आंघोळ करताना शिट्टी वाजवतं. मी एकदा जिन्यापर्यंत गेलो होतो गप्प कर म्हणायला, तर आत्यांनी मागे ओढलं. वाजवू दे म्हणाली. आणि तिथेच पायरीवर बसून ऐकत राहिली.

लोक विचारतात, एकनाथराव, कसं चाललंय? मी सांगतो, ठीक. खरंच तसंच वाटतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा परका वाटतो, तसं अंगभर वाटतं. चावलं तरी कळायचं नाही. भाजीत मीठ नव्हतं तर मी तशीच खाल्ली, आत्यांनीही तशीच खाल्ली, आणि दोघांनाही ते दुसऱ्या दिवशी भाजी उरलेली बघून कळलं.

ती तुला जे बोलली ते मी ऐकलं होतं. तू पिशवी भरत होतीस आणि ती दारात उभी राहून म्हणाली, “माझं पोरगं गेलं ते गेलं. तुला काय, दुसरा मिळंल.” मी ओसरीवर होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी काय करत होतो सांगू? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. पोराला अग्नी देऊन आल्यावर माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं, पण ते तेव्हाच लागायला नको होतं.

आकड्याचं बघ. मार्च लांब नाही.

मामा


नेरे, १७ फेब्रुवारी

गौतमी,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. आधी ते फाडणार होतो. मग जेवलो, मग परत वाचलं.

तू लिहितेस, डेटा फार स्वच्छ आहे. कॅटॅलिस्ट थकत चाललाय, मॉडेलमधला आकडा जुनाच आहे, तरी रेघ सुटत नाही, हे होऊच शकत नाही. उलट आत जाणाऱ्या गॅसचं तापमान सप्टेंबरपासून हळूहळू चढत गेलंय, ते कोणीतरी चढवलंय. पुढे लिहितेस, “मामा, हा प्लांट मॉडेलशी जुळत नाहीये. कोणीतरी प्लांटला धरून मॉडेलवर नेऊन ठेवतंय. कोण आहे ते?”

तू हुशार आहेस. ओम म्हणायचा, मॉडेलच्या चुका मला दिसायच्या आधी तिला दिसतात. मला तेव्हा ती बायकोची कौतुकं वाटायची.

मी आहे. लपवून काय करू.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सुतक संपवून कामावर हजर झालो होतो. सकाळी पॅनलवर बसलो तर हिरवी रेघ पिवळीच्या खाली आलेली. थोडीशीच. ओम सांगतोय की इथे इतकं तापणार, आणि प्लांट म्हणतोय, नाही. मला ते बघवेना. कोणीतरी भर पंगतीत माझ्या पोराला खोटं पाडतंय असं वाटलं. मी गॅसचं तापमान एक टप्पा वर नेलं. पॅनलवाल्याला तेवढी मुभा असते, कोणाला विचारावं लागत नाही. थोड्या वेळाने हिरवी वर आली आणि पिवळीला लागली. अंगातून काहीतरी उतरलं. घरी आलो आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

तेव्हापासून करतोय. रोज नाही, सुटली की करतो. मॉडेल प्लांटसारखं करायचं असतं, प्लांट मॉडेलसारखा करायचा नसतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पॅनलवर केस पांढरे झाले माझे. कळतं आणि करतो.

तू म्हणतेस धोका आहे, दोन तारांच्या मधे आग किती चढलीय ते कोणालाच दिसत नाहीये, हे आजच थांबवा, पण तापमान एकदम खाली आणू नका. मी म्हणतो, मी एक-दोन टप्पेच चढवलेत. त्याने आभाळ कोसळत नाही.

पण तुझी शेवटची ओळ मला समजली नाही. तू विचारतेस, तुमची पाळी तर पहिली, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत रेघ कशी जुळते? गेले दोन दिवस हाच प्रश्न घेऊन फिरतोय. उद्या विश्रामला विचारतो.

मामा


नेरे, २४ फेब्रुवारी

गौतमी,

विश्रामला विचारलं. पाळी बदलताना तो आला, तेव्हा बाजूला घेतला. म्हटलं, माझ्या मागं गॅसचं तापमान कोण चढवतं? तो खाली बघायला लागला. गडी पैलवानासारखा, पण पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. मग म्हणाला, “आमीच. मी बी करतो, तिसऱ्या पाळीतले बी करत्यात.”

कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, सांगतंय कोण? आमच्यात कधी बोलणंच झालं न्हाई.

मी म्हटलं, मग का?

“एकनाथराव, तुमी सकाळी आला की आधी पिवळ्या रेघंकडं बघता. जुळल्याली असली तरच खुर्चीत बसता. एक दिवस सुटली व्हती, तर तुमी उभंच ऱ्हायला, हातात डबा तसाच. आमाला बघवंना.”

तर असं आहे. मी माझे एक-दोन टप्पे मोजत होतो आणि माझ्या मागे दोन्ही पाळ्या आपापले टप्पे चढवत होत्या. कोणी कोणाला सांगत नव्हतं. सगळे मिळून माझ्यासाठी ओमला खरं ठरवत होते. मला वाटायचं, माझं पोरगं इतक्या महिन्यांनीही अचूक सांगतंय. ते सांगत नव्हतं. ही माणसं त्याच्या जागी होकार भरत होती.

यानंतर मी काय केलं ते ऐक आणि हव्या तेवढ्या शिव्या दे. तू बजावून लिहिलं होतंस. मी तिथून सरळ पॅनलवर गेलो आणि गॅसचं तापमान एका झटक्यात खाली आणलं, ओम असताना होतं तिथपर्यंत. लाज वाटली होती, गौतमी. सगळं एकदम पुसून टाकायचं होतं.

तापमान कमी केलं आणि हिरवी रेघ वर उसळली. गार केल्यावर भडकली. नव्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. ओमने मात्र आम्हा सगळ्यांना बसवून हे शिकवलं होतं. गार गॅस नळीच्या तोंडाशी पेटतच नाही, कोराच पुढे जातो, आणि पुढच्या गोळ्या अजून तापलेल्याच असतात. तिथे सगळा एकदम पेटतो. त्याने चहाच्या ग्लासांची रांग मांडून सांगितलं होतं. विश्राम तेव्हा हसला होता. मी बाप म्हणून मागच्या खुर्चीत ऐटीत बसलो होतो आणि ऐकत नव्हतो.

अलार्म झाला. पाठोपाठ सेफ्टीने आपणहून गॅस तोडला आणि प्लांट बंद पडला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण विश्रामचा माणूस तेव्हा बरोबर त्या नळ्यांखाली व्हॉल्व्हला ग्रीस लावत होता. तो वर बघत बाहेर आला, काय झालं विचारत. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

इंद्रजित साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, मधे किती तापलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं का?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “मलाही नव्हतं. कारण मी ती जुळलेली रेघ बघत होतो.”

बस, एवढंच. विश्राम मधे बोलायला लागला, मी त्याला थांबवलं. सुरुवात मी केली, मीच वर लिहून दिलं. साहेब म्हणाला मार्चअखेरपर्यंत पॅनलवर राहा, पण हात लावायच्या आधी मला सांगा. ठीक आहे.

मला भीती वाटायला हवी होती. नळ्यांखालचा तो माणूस डोळ्यांसमोर येतो, तेव्हा छातीत काहीतरी हलल्यासारखं होतं आणि परत थांबतं.

मामा


नेरे, १९ मार्च

गौतमी,

तू पाठवलेला आकडा मिळाला. कसा काढला तेही तू चार पानांत लिहून दिलंस. चौथं पान वाचताना मला आठवलं, ओम आणि तू खालच्या खोलीत जेवणाच्या ताटांशेजारी लॅपटॉप ठेवून बसायचात. समीकरण तू सांगायचीस, टाइप तो करायचा. आत्या म्हणायची, आधी जेवा. ती रेघ निम्मी तुझी होती. आम्ही एवढे सगळे जण तिला ओमची रेघ म्हणत राहिलो, आणि तू कधी काही बोलली नाहीस. आज मी बोलतो, उशीर झालाय तरी.

प्लांट आठवड्याभरात सुरू झाला. तापमान या वेळी बेताबेताने लावलं. इंद्रजित साहेब तुझी पानं वाचून म्हणाला, या मॅडम कुठे असतात? मग म्हणाला, काका, हा आकडा टाकू, पंधरा दिवस बघू. जुळलं तर बाहेरच्या कंपनीला मी नाही म्हणून कळवतो.

म्हणजे मला पाहिजे होतं ते मिळालं. जानेवारीत ज्याच्यासाठी तुझ्यापुढे हात पसरला, ते हातात आलं.

मी साहेबाला नको म्हटलं.

तू एवढी मेहनत घेतलीस आणि मी नको म्हटलं, म्हणून कारण सांगणं लागतं. मी तिन्ही पाळ्यांच्या लोकांना विचारलं, आता कोणी हात लावणार नाही ना? सगळे नाही म्हणाले. विश्रामने आईची शपथ घेतली. आणि त्याच्या तोंडाकडे बघताना मला कळलं की हा परत करणार. रेघ जरा सुटली आणि मी उभा राहिलेला दिसलो, की याचा हात जाणारच. त्यात त्याचा दोष नाही. पण मग रेघ जुळली तरी मला कधीच कळायचं नाही, की ते ओमचं खरं ठरतंय की या माणसांची माया आहे. तुझ्या आकड्यातही मी तेच शोधत बसलो असतो. आणि नळ्यांखाली कोणीतरी ग्रीस लावत असतं.

साहेब म्हणाला, बरं. बंद कोण करेल? मी करतो म्हटलं.

काल सकाळी केलं. त्यात करण्यासारखं काही नसतं, पडद्यावर एका चौकोनावर बोट ठेवायचं, मग तो विचारतो खात्री आहे का, मग परत बोट ठेवायचं. विश्रामची पाळी दुपारची, तरी तो सकाळीच येऊन दाराशी उभा होता.

मला वाटलं होतं, रेघ चटकन दिसेनाशी होईल. तशी होत नाही. पडद्यावर शेवटच्या आठ तासांचं दिसतं ना. नवीन पिवळं उमटायचं थांबलं, पण आधीचं उमटलेलं तसंच होतं, आणि ते हळूहळू डावीकडे सरकत होतं. हिरवी रेघ उजवीकडून येत राहिली, पिवळी निघून जात राहिली. मी पाळीभर बसून होतो. चहा आला, तो गार झाला. दुपारी पिवळीचं शेवटचं टोक पडद्याच्या कडेला टेकलं होतं. विश्राम मागून म्हणाला, “एकनाथराव, गाडी सुटंल, निघा.” मी थांब म्हटलं. ते टोक गेलं, मग उठलो.

घरी आत्या दारातच होती. विचारलं, केली बंद? मी व्हय म्हटलं. ती आत गेली. थोड्या वेळाने फोन घेऊन आली आणि तुझा नंबर काढून दे म्हणाली. काढून दिला. “म्या त्या पोरीला काय बोलले ते मला तोंडानंच माघारी घ्यायचंय,” म्हणाली. लावायचं धाडस अजून झालेलं नाही, फोन मांडीवर घेऊन बसलीय. तिचा आला तर उचल अशी माझी विनंती आहे. नाही उचललास तरी मी समजून घेईन.

आज परत पहिल्या पाळीला गेलो होतो. आता पडद्यावर एकच रेघ असते. दिवसभर एकसुद्धा अलार्म झाला नाही. माल नेहमीसारखा निघाला, तापमान हलेना की डुलेना. साहेब फेरी मारून गेला, म्हणाला, काका, प्लांट मस्त चाललाय. मी हो म्हटलं, डबा खाल्ला, बसने निघालो. पिरंगुटच्या पुढे आल्यावर मला रडू फुटलं. सगळी बस बघत होती. ओम गेला त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, इतक्या महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

प्लांट त्याच्याशिवाय इतका नीट चालतो, हे मला सोसत नाही गौतमी.

मामा